दुधी कागदाचा पडदा

सासुरवाडीला जाताना जावयाने सोबत काय न्यावे, याबद्दल आपल्या शास्त्रांत कुठेही काही लिहिलेले नाही. म्हणून मी कागद नेला.

साधासुधा कागद नव्हे. त्या काळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी अमरावतीला नकाशांच्या एका कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या रेघेवरून आपली रेघ ओढणारा इसम. हात हलू द्यायचा नाही, शाई सांडायची नाही आणि अक्कल वापरायची नाही, एवढ्या तीनच अटी. (तिसरी मला कधीच जड गेली नाही.) या कामासाठी विलायतेहून एक कागद येई. रंग पाणी घातलेल्या दुधाचा, अंगाने चिवट, आणि उजेडासमोर धरला तर मागचे बोट दिसावे इतका झिरझिरीत. साहेब त्याला ‘व्हेलम’ म्हणे. आम्ही दुधी कागद म्हणायचो. एका पावसाळ्यात कचेरीचे छप्पर गळले, एक अख्खे भेंडोळे एका अंगाने ओले झाले आणि नकाशाच्या कामातून बाद ठरले. साहेबाने ते मला उदार मनाने देऊन टाकले. त्या उदारपणाची फळे पुढे अकोल्याच्या लोकांनी भोगली.

मी त्या कागदाची एक कंदिलाची टोपी केली. वर वेलबुट्टी रंगवली. माझी बायको इंदू ती पाहून म्हणाली, “बरी झाली.” आता, लग्नाला दीड वर्ष झाले होते आणि त्या दीड वर्षात माझ्या एकाही कृतीला ‘बरी’ हा शेरा मिळालेला नव्हता. तो माझ्या डोक्यात गेला. मी मनाशी ठरवले की आपण मूळचे कलावंत आहोत. कचेरीत फक्त वेषांतर करून बसतो.

त्यातच अकोल्याहून मामाजींचे पत्र आले. (सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो, सासूबाईंना मामी.) इंदूची धाकटी बहीण शांता हिला पाहायला अकोटची मंडळी येणार होती, दोघांनी चार दिवस आधी या, असे लिहिले होते. पत्राच्या तळाशी मामींनी मुद्दाम लिहवून घेतलेली एक ओळ होती : ‘हे तिसरे स्थळ.’

या ओळीत सगळा जीव होता. शांता दिसायला चांगली, कामाला चलाख, पण तिला हसू आवरत नसे. पहिल्या खेपेला पाहायला आलेल्या मुलाच्या मामांना शिंक आली, पण नुसती अर्धीच आली. ते तोंड उघडे ठेवून उरलेल्या अर्ध्या शिंकेची वाट पाहत बसले आणि शांता फसकन हसली. स्थळ गेले. दुसऱ्या खेपेला ती दगडासारखी बसली, एक शब्द बोलली नाही; मंडळी खूश होऊन निघाली आणि कोपऱ्यापर्यंत पोहोचतात तोच मागून घरातून तिचा खदाखदा हसण्याचा आवाज त्यांना ऐकू आला. तेही गेले. आता सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत ‘पोरगी हासते म्हनते’ हे वाक्य एखाद्या दुखण्याचे नाव घ्यावे तसे हळू आवाजात फिरत होते. तिसऱ्यानेही नाही म्हटले असते तर चौथा दारात उभा राहिला नसता.

आम्ही निघालो. चार हात लांबीचे भेंडोळे खांद्यावर घेऊन मी बडनेऱ्याला गाडी बदलली, तेव्हा ते तीन लोकांच्या डोक्यांना आणि एका कोंबडीच्या टोपल्याला लागले. एका म्हाताऱ्याने विचारले, “का होय जी हे?” मी म्हणालो, कागद. तो म्हणाला, “एवढं कोनाले लिवता?”

आता इथे जावई या प्राण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. देशमुखी घरात जावयाला ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. त्याने उन्हात झोपतो म्हटले तर त्याच्याखाली गादी घालतात. मामींच्या घरी मी पोहोचताच भेंडोळे उलगडले आणि जाहीर केले की अकोटकरांच्या स्वागतासाठी बैठक सजवायचे काम माझ्याकडे. मामींनी एकदा मामाजींकडे पाहिले, मामाजींनी छताकडे पाहिले, आणि मामी म्हणाल्या, “तुमची हौस, जावईबापू.” हा होकार नव्हता, हे मला पुढे बारा वर्षांनी कळले.

पहिल्या दिवशी भिंत घेतली. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत, तिच्यावर दुधी कागदाची मोठमोठी कमळे. चिकटवायला कणकेची खळ. पण हा कागद नकाशाचा. त्याला पाणी म्हटले की राग येतो. खळ लागताच प्रत्येक कमळ उन्हात टाकलेल्या पापडासारखे कडेने वळू लागले. मी एक पाकळी दाबली की दुसरी उठे. शेवटी कमळे रात्रभर दाबून राहावीत म्हणून पाटे, वरवंटे, उखळीचे मुसळ, जे हाती लागेल ते भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी कमळे खाली पडलेली होती. एकटी नव्हती, सोबत भिंतीचा चुनाही घेऊन आली होती. भिंतीवर कमळांच्याच आकाराची मातकट भगदाडे उरली. मामी म्हणाल्या, “असंही चांगलंच दिसते.”

मग पितळ. अंघोळीच्या घंगाळाला डिंकाने वेलबुट्टी लावली. मामाजी अंघोळीला बसले, गरम पाणी पडले, वेलबुट्टी सुटली आणि त्यांच्या पाठीला चिकटली. मामाजींनी ती तशीच दोन दिवस बाळगली असावी, कारण कुणी सांगायला धजले नाही. लाकडासाठी मी सुताराकडून सरस आणला, आणि तो मात्र असा काही धरला की बैठकीच्या दारावरचा मोर आजतागायत निघालेला नाही; रंग उडाला, पिसारा गेला, पण कोंबडीएवढा ऐवज शिल्लक आहे. शेवटी कापड. लोडांच्या अभ्र्यांवर मी कागदाची फुले टाचली. दिसायला झकास, पण कुणी टेकले की कुडकुडीत पापड मोडल्यासारखा आवाज होई. इंदूने रात्री मला बाजूला घेऊन विचारले, “अवो, तुमाले कचेरीत बोलावनं नाही आलं का अजून?”

पण कलावंत टीकेने खचत नाही. उलट मला नुकताच मोठा शोध लागला होता : काचेला दुधी कागद दुधाने चिकटतो! खळ नको, डिंक नको. काचेवर निरशा दुधाचा हात फिरवा, कागद टेकवा, फडक्याने हवा काढा. ना वळणार, ना डाग दिसणार. आणि त्या घरात काच एकाच ठिकाणी होती. बैठक आणि माजघर यांच्यामध्ये लाकडी चौकटीत बसवलेली, पुरुषभर उंचीची तावदाने होती, आणि त्यांच्यावर एक जाड, काळपट, सतरंजीसारखा पडदा होता. बाहेरच्या पुरुषांना घरातल्या बायका दिसू नयेत म्हणून तो मामाजींच्या आजोबांच्या वेळेपासून लटकत होता. दिवसाढवळ्या बैठकीत अंधार असायचा, तो त्याच्यामुळे.

मी सांगितले, पडदा काढा. काचांना दुधी कागद लावू. उजेड आत येईल आणि माणूस दिसणार नाही.

या वेळी मात्र मामी जागच्या हलल्या. “जावईबापू, भित घ्या, घंगाळ घ्या, पन पडदा राहू द्या,” असे त्या म्हणाल्या. म्हणजे जवळजवळ ‘नाही’च म्हणाल्या. मी सगळ्यांना प्रयोग करून दाखवायचे कबूल केले. सकाळी नऊच्या सुमारास कागद लावून झाला. मामाजींना बैठकीत बसवले आणि इंदू व शांता यांना माजघरात काचेमागे उभे राहून हात हलवायला सांगितले. मामाजींनी डोळे बारीक केले, चश्मा पुसला, जवळ जाऊन पाहिले. काही नाही. नुसती दुधाची भिंत. “वा,” मामाजी म्हणाले. त्यांनी त्या चार दिवसांत मला म्हटलेला हा एकमेव शब्द. पडदा खाली उतरला आणि मामींनी तो विहिरीवर धुवायला टाकला.

घराचे तोंड पूर्वेला होते. सकाळी ऊन बैठकीच्या बाजूला होते. ते ऊन दुपारनंतर घराला वळसा घालून परसदाराकडे जाते, ही गोष्ट जन्मभर नकाशांवर उत्तरेचा बाण काढणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला हवी होती.

अकोटकर त्याच दिवशी दुपारी चार वाजता आले. मुलाचे वडील आबासाहेब म्हणजे अवाढव्य गृहस्थ. डोक्यावर घागरीएवढा फेटा, कानांपर्यंत पोहोचलेल्या मिशा, हातात काठी, आणि समोर पोट. ते बैलांच्या दमणीतून उतरताना एक पाय खाली टाकून दुसरा वरच विसरले आणि तसेच काही वेळ बगळ्यासारखे थांबले. गाडीवानाने खालून आधार दिला तेव्हा कुठे पूर्ण उतरले. वर माडीच्या खिडकीआड बांगड्या वाजल्या, पण तिकडे माझे लक्ष नव्हते. सोबत मुलगा, प्रभाकर. नागपूरला वकिलीचा अभ्यास करत होता. तोंडाने इतका गंभीर की जणू त्यालाच कुणी पाहायला आले आहे.

मंडळी बसली. आबासाहेब लोडाला टेकले, लोड कडाडला. त्यांनी चमकून मागे पाहिले. पुन्हा टेकले; पुन्हा कडाडला. मग ते ताठच बसले. कापसाचे बोलणे झाले, पावसाचे झाले. त्याच वेळी आत कुणीतरी, चुलीचा धूर कोंडला म्हणून, परसदार सताड उघडले.

पश्चिमेचे तिरपे ऊन माजघर ओलांडून थेट काचांवर आले. माझी दुधाची भिंत एकदम उजळली, आणि तिच्यावर, नाटकाच्या पडद्यावर यावी तशी ठसठशीत काळी सावली उभी राहिली.

डोक्याला घागरीएवढा फेटा. (पंचा असावा.) गालांच्या दोन्ही बाजूंना मिशा. (केरसुणीच्या काड्या.) समोर पोट. (उशी.) हातात काठी. (लाटणे.) ती सावली डुलत डुलत आली, एक पाय खाली टाकला, दुसरा वर उचलला आणि तशीच थांबली. मग हवेत हात फिरवून मिशी पिळली. शेजारी दुसरी सावली पोट धरून वाकली होती. अंबाड्यावरून ती माझी बायको होती हे मी ओळखले; म्हणजे फेटेवाली शांता.

आतल्या बायकांना वाटत होते की माझा कागद त्यांना लपवतो आहे. मीच तसे सिद्ध करून दाखवले होते! मामाजींची पाठ काचेकडे होती, त्यांना काहीच कल्पना नव्हती. आबासाहेब मात्र समोर तोंड करून बसले होते. ते बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग पुढे वाकून त्यांनी मामाजींना विचारले,

“कोन होय जी ते म्हातारे? घरात आनखी पाव्हने हायत का?”

मामाजी वळले. त्यांनी काय पाहिले ते त्यांच्या मानेवरून मला समजले. ते पुन्हा वळले आणि त्यांनी पानाचे तबक आबासाहेबांपुढे सरकवले. आबासाहेबांच्या मनात काय शंका आली हे स्पष्ट होते : दुसरे एखादे स्थळ आधीच येऊन आत पाहुणचार घेते आहे! त्यांची भुवई चढू लागली. कुणीतरी काहीतरी बोलणे भाग होते, आणि अशा वेळी आजवर ज्याने बोलू नये तोच बोलत आला आहे.

मी म्हणालो, “ते काका आहेत. मामाजींचे थोरले काका.”

आबासाहेब म्हणाले, मग त्यांना बैठकीत बोलवा की. वडीलधारे माणूस आत आणि आपण बाहेर, हे बरे नव्हे. आणि ते उठू लागले.

“नको नको,” मी म्हणालो, “ते जरा भ्रमिष्ट आहेत.”

हे वाक्य तोंडातून सुटले आणि आबासाहेब अर्धे उठलेले तसेच थांबले. सोयरीक जमवताना काळा रंग चालतो, ठेंगणी उंची चालते, एखादा मामा तुरुंगात जाऊन आलेला चालतो. घराण्यात वेड चालत नाही. आबासाहेब सावकाश खाली बसले. (लोड कडाडला.) काचेवर काका आता काठीने पाठ खाजवत होते.

“भ्रमिष्ट,” आबासाहेब म्हणाले. “केव्हापासून?”

“नाही, म्हणजे फार नाही,” मी सावरले. “फक्त दुपारी.”

“त्याइच्या वडलाले होतं का?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत चार दिवसांचा सगळा हिशेब होता : भिंत, घंगाळ, मोर, पाठीवरची वेलबुट्टी. आबासाहेबांनी काठी जवळ ओढली. शांताचे तिसरे स्थळ उठून दाराकडे चालले होते, आणि या खेपेला ती बिचारी हसलीसुद्धा नव्हती. निदान आवाज करून नाही.

तेव्हा कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. गंभीर प्रभाकर रुमालात तोंड खुपसून हादरत होता. आधी मला वाटले, त्याला ठसका लागला. मग त्याने लाल झालेले तोंड वर काढले, डोळे पुसले आणि म्हणाला,

“आबा, ते काका नोहेत. ते तुमी होय.”

आबासाहेबांनी काचेकडे पाहिले. सावलीने मिशी पिळली. आबासाहेबांचा हात, सवयीने, आपल्या मिशीकडे गेला होता. तो तिथेच थांबला. सावलीने पुन्हा दमणीतून उतरून दाखवले : एक पाय खाली, दुसरा अधांतरी.

“मी असा उतरतो?” त्यांनी मुलाला विचारले.

“अस्साच.”

“बिलकुल नाही,” आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, दुखावला होता. “मी उजवा पाय पयले टाकतो. हे डावा टाकून राह्यली.”

आणि इथे माझ्यातला ट्रेसर जागा झाला. खरे तर गप्प बसायला हवे होते. पण चुकीची नक्कल म्हटलेले आम्हा लोकांना सहन होत नाही. मी पुढे सरकून नम्रपणे सांगितले की आबासाहेब, ती आपल्याकडे पाठ करून उभी आहे, तोंड माजघराकडे आहे. दुधी कागदावर मागचे पुढचे कळत नाही. तेव्हा आपल्याला जो डावा वाटतो तो वास्तविक उजवाच आहे. नक्कल बरोबर आहे.

आबासाहेबांनी बसल्या जागी आपले दोन्ही पाय हलवून पाहिले. बोटांनी हवेत काहीतरी मोजले. मग त्यांचे पोट हलायला लागले. आधी पोट, मग खांदे, मग फेटा. ते मागे लोडावर कोसळले, लोड कडाकड वाजला, आणि सबंध बैठक दणाणेल असे ते हसले. काचेवरची सावली जागच्या जागी थिजली. पंचा उडाला, उशी गळाली, लाटणे पडल्याचा आवाज झाला आणि पडदा रिकामा झाला.

शांताला बाहेर आणले तेव्हा ती मान खाली घालून रडवेली उभी होती. वेणीत केरसुणीची एक काडी तशीच राहिली होती. मामी दाराआड देवाचे नाव घेत होत्या. आबासाहेबांनी नाव विचारले नाही, स्वयंपाकाचे विचारले नाही, वाचायला लावले नाही.

“पोरी,” ते म्हणाले, “दमनीतून उतरताना मी काय म्हनलो होतो?”

शांताने आधी मामाजींकडे पाहिले, मग बहिणीकडे, मग खाली पायांकडे. आणि आबासाहेबांच्याच जाड, दमलेल्या आवाजात म्हणाली, “धर बाप्पा धर, नाहीतर सोयरीक अथीच पडते.”

या वेळी प्रभाकरने रुमाल शोधण्याचा प्रयत्नही केला नाही. शांताने त्याच्याकडे चोरून पाहिले, आणि मग जे व्हायचे ते झाले. तिलाही आवरले नाही. दोघे हसत होती, आबासाहेब हसत होते, दाराआड मामी डोळे पुसत होत्या. आबासाहेब म्हणाले, त्यांच्या घरात तीन पुरुष आहेत आणि तिघेही जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत. अशी पोरगी त्यांना दहा वर्षांपूर्वीच हवी होती. साखर वाटली गेली. चैत्रातली तिथी धरायचे ठरले.

मी इतका हलका झालो की मामाजींना मिठी मारायच्या बेतात होतो. सगळे माझ्या कागदामुळे! मी तसे म्हणायला तोंड उघडलेही होते, तेवढ्यात दमणीत चढता चढता आबासाहेब थांबले. हसू ओसरले होते. सोयरीक जोडणाऱ्या माणसाने शेवटची शंका फेडून घ्यावी तशा सुरात त्यांनी मामाजींना बाजूला घेतले.

“एक विचारू का जी? राग मानू नका. पन तुमच्या घरान्यात वेड नाही ना?”

मामाजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. चार दिवस राखलेला जावयाचा मान त्यांनी त्या क्षणी खाली ठेवला.

“हाय,” ते म्हणाले, “पन रक्तात नाही. थोरल्या पोरीच्या लग्नानं आलं.”